जिचा ओव्हरटाइम कमी

ओव्हरटाइम म्हणजे काय, हे मला शिकवायला आमचे भाऊजी निघाले आणि तिथून सगळं बिघडलं.

एकवीस वर्षं मी लाँड्रीत उभी आहे. तीन इस्पितळांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. मोठ्या मशीनमधून धुऊन निघतात, तापलेल्या रोलरखालून सरकतात, आणि पलीकडे दोन बायका त्यांची टोकं पकडून घडी घालतात. चार पावलं पुढे, टोकाला टोक, चार पावलं मागे. सकाळी आठ ते दुपारी चार. चारनंतर जे काही होतं, त्याला ओव्हरटाइम म्हणतात. हे मला कुणी शिकवायची गरज नाही. आमचा सुपरवायझर आहे ना, साखऱ्या, तो पूर्वी चार वाजले की गोड बोलून दोन ट्रॉल्या जास्त ओढून घ्यायचा. "आपण काय परके आहोत का? एका घरातली माणसं आपण." एक दिवस मी ठीक चारला रोलरचं बटण बंद केलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "घरातली माणसं असू, तर घरी जाऊ दे." तेव्हापासून चारपुढचं मिनिट न् मिनिट लिहिलं जातं आणि मला सगळ्या जणी भोंगा म्हणतात. समोर नाही म्हणत, पण म्हणतात.

आणि माझ्या चादरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात? थोरलीच्या. माझी थोरली जाऊ. मीच तिला तिथे चिकटवून दिलं, बारा वर्षांपूर्वी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका घरात खाली ती, वर मी. एका लाँड्रीत एका चादरीला दोघी. आणि गेली चार वर्षं आमच्यात अबोला. कशावरून सुरू झाला ते सांगत बसत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढंसंच? तर हो, एवढंसंच. पण एवढ्याशा गोष्टीवर तिने जे ऐकवलं होतं ते एवढंसं नव्हतं. दिवसाला सहाशे वेळा आम्ही समोरासमोर यायचो, बोटाला बोट लागायचं, आणि तिची नजर माझ्या कानामागच्या भिंतीवर असायची.

आठ महिन्यांपूर्वी सासूबाई पडल्या. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. डोकं मात्र जागच्या जागी. बोलायला लागलं की एकेक शब्द ओढून काढावा लागतो, त्यामुळे तीन-चार शब्दांच्या पुढे जात नाहीत. पूर्वी अख्खी गल्ली गाजवणारी बाई ही. मला त्यांनी काय काय ऐकवलंय ते मी विसरलेले नाही, आणि विसरल्याचं ढोंगही करत नाही. त्यांच्यासाठी एक मावशी ठेवल्या होत्या, नऊ ते पाच. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, खालचं सगळं. चारला सुटून आम्हा दोघींपैकी एक साडेचारला घरी पोचायची आणि पाचला मावशी जायच्या. असं चाललं होतं.

मग मावशींनी सांगितलं, मुलीचं बाळंतपण आहे, पुढच्या एक तारखेपासून जमणार नाही, आणि परतही येणार नाही.

त्या रविवारी भाऊजींनी सभा भरवली. भाऊजी म्हणजे थोरलीचा नवरा. सरकारी कचेरीत आहेत, फायलींना दोरा बांधतात. कचेरी पाचला सुटते, भाऊजी आठला घरी येतात. मधले तीन तास कॅरम. सासूबाईंची खोली वर, आमच्या खोलीला लागून, घरातली सगळ्यात मोठी, म्हणून सभा त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पायथ्याशी. त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

"दुसरी बाई बघू," मी म्हटलं.

"पुन्हा शोधायची, पुन्हा शिकवायची, आणि घरात परकं माणूस," भाऊजी म्हणाले. "घरात दोन बायका असताना? लोक काय म्हणतील? एकीने नोकरी सोडायची. प्रश्न फक्त कुणी, एवढाच आहे."

"मी नाही," मी म्हटलं.

"मीपण नाही," थोरली म्हणाली. माझ्याशी नाही, कपाटाशी.

भाऊजींनी हात वर केला. अगदी न्यायाधीश. "भांडू नका. भावनेनं नाही, आकड्यानं ठरवू. ओव्हरटाइम कुणाला मिळतो? ज्याच्यावाचून काम अडतं त्याला. म्हणजे ओव्हरटाइम ही माणसाची किंमत. हा महिना बघू. जिचा ओव्हरटाइम जास्त ती नोकरीत राहील. जिचा ओव्हरटाइम कमी, ती घरी बसेल. मग तक्रार नको. बरोबर की नाही रे?"

हा 'रे' म्हणजे माझा नवरा. रंगाच्या गोदामात आहे. साडेतीनला सुटतो, चारला घरी येऊन आडवा होतो आणि सहाला उठून चहा मागतो. चारला घरी! म्हणजे मावशी जायच्या आधी एक तास हा माणूस त्याच घरात घोरत असायचा. पण 'घरी कुणीतरी हवं' यातला कुणीतरी तो कधीच नसायचा. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाला, "आईचं सगळं करायचं म्हणजे... पुरुष माणसाला बरं दिसतं का ते?" बरं दिसत नाही. आणि मला सुंदर दिसतं.

"बरोबर," नवरा म्हणाला.

आता खरं सांगायचं तर तिथेच भाऊजींना विचारायला हवं होतं की तुमचा ओव्हरटाइम किती? विचारलं नाही. कारण मी थोरलीकडे बघितलं आणि तिने पहिल्यांदा चार वर्षांत माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यात लिहिलं होतं, तुला घरी बसवते की नाही बघच. मग काय, माझंही डोकं फिरलं. मला ती नोकरी सोडायची नव्हती. पगाराचं सोडा. त्या वाफेच्या खोलीत मला भोंगा म्हणतात, मी बटण बंद केलं की रोलर थांबतो. घरी मी बटण बंद केलं तर पंखा थांबतो आणि नवरा ओरडतो. ती नोकरी गेली तर उरलेलं सगळं आयुष्य मी सासूबाईंच्या पायथ्याशी, आणि थोरली रोज संध्याकाळी घामेजलेल्या अंगाने, ताठ मानेने आत येणार. मेले असते पण ते बघितलं नसतं.

आमच्याकडे ओव्हरटाइम देण्याची एक रीत आहे. दुपारी अडीच वाजता साखऱ्या खिशात पिवळे चिमटे घेऊन फिरतो, कपडे वाळत घालायचे असतात ना, तसलेच, त्यांच्यावर काळ्या शाईने नंबर. ज्यांना साडेसहापर्यंत थांबवायचं त्यांच्या कामाच्या कोटाच्या कॉलरला चिमटा लावतो. घरी जाताना तो चिमटा दाराजवळच्या डब्यात टाकायचा. डब्यात चिमटा, तर वहीत ओव्हरटाइम. चिमटा हरवला तर त्या दिवसाचं काम फुकट, आणि वर तीन दिवस चिमटा बंद. चिमट्याची किंमत ती काय? पण साखऱ्याला शिस्त लावायची हौस.

तर महिनाभर आम्ही दोघी चिमट्यामागे लागलो. थोरली साखऱ्याला सकाळी चहा नेऊन द्यायला लागली. मी चहा देणारी नाही. मी हात चालवला. बाकीच्या दहा मिनिटं पाणी प्यायला जायच्या, मी जायची नाही. पण घडीला दोन माणसं लागतात. मी न थांबता चादर ओढायची म्हटलं की थोरलीलाही थांबता यायचं नाही. तिला दमवायचं हा माझा हेतू, पण त्यात मीही तेवढीच दमायची. तिने उलटा डाव टाकला: चादरीला असा झटका द्यायची की माझ्या हातातून टोक सुटावं आणि साखऱ्याला दिसावं. माझ्या बोटांची नखं मुळापासून दुखायला लागली. बाजूच्या बायका हसायच्या. "दोन जावा एका चादरीत," असं काहीतरी म्हणायच्या. मी लक्ष दिलं नाही.

बहुतेक दिवस चिमटा दोघींनाही मिळायचा, कारण कामच तेवढं होतं. मग घरी पाचला कोण? मावशी. त्यांना मी म्हटलं, "एवढा महिना थांबा हो मावशी, सातपर्यंत. तुम्ही काय परक्या आहात का?"

हे माझ्या तोंडून निघालं. कुणाचं वाक्य ते, तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मावशी थांबल्या. सहाला नवऱ्याचा चहाही त्याच करायच्या.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात थोरली माझ्या दोन दिवस पुढे होती. मी रोज मनात मोजायची. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेवटच्या ढिगाच्या घड्या चालल्या होत्या. थोरलीने एक चादर छातीशी धरून दुमडली, माझ्याकडे सारली आणि तोंडावर पाणी मारायला गेली. मी घडीवरून हात फिरवला, तर आत काहीतरी टणक. उघडून बघितलं. पिवळा चिमटा, नंबर बारा. तिच्या कॉलरवरून निसटून घडीत अडकलेला.

हाक मारायला काय लागतं? अबोला असला तरी चिमटा पुढे करता येतो, त्याला बोलावं लागत नाही. मी तो ओच्यात टाकला. बाहेर पडताना बॉयलरच्या राखेच्या पिंपात टाकला आणि वरून बुटाने राख सारली. कुणी सांगितलं म्हणून नाही, रागाच्या भरातही नाही. अगदी शांतपणे केलं.

थोरली दाराशी कॉलर चाचपत उभी राहिली. मग परत आत गेली. सगळ्या घड्या उलगडल्या, एक एक, पन्नासएक तरी असतील. मी दाराबाहेर उभी राहून बघत होते. साखऱ्या तिला म्हणाला, "नियम म्हणजे नियम. उद्यापासून तीन दिवस घरी लवकर जा, आराम करा." तिने बारा वर्षांत लाँड्रीत कधी डोळ्यात पाणी आणलं नव्हतं, त्या दिवशी आणलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून बरं जास्त वाटलं. खोटं कशाला बोलू?

तीस तारखेला मावशी निघाल्या. भाऊजींनी त्यांच्या हातात पाकीट दिलं, ठरलेलं तेवढंच. मावशींनी ते न उघडता पिशवीत टाकलं आणि मला म्हणाल्या, "सातपर्यंत अठरा दिवस थांबले मी, बाई. तुमच्या दोघींची शर्यत चाललेली, म्हणून काही बोलले नाही. माझी मुलगी रोज विचारायची, आई, तुला त्याचं काय मिळतं?"

"तुम्ही सांगायचं होतं, मावशी."

"तुम्हाला सांगायचं? तुम्ही तर लाँड्रीत सगळ्यांचं मिनिट न् मिनिट लिहून घेता म्हणे." एवढं बोलून त्या सासूबाईंच्या पाया पडल्या आणि गेल्या. माझ्याकडे त्या दिवशी सुटे पैसे होते, नोटाही होत्या. हात पर्सपर्यंत गेला नाही हे खरं.

दुसऱ्या दिवशी रविवार. पुन्हा सभा, पुन्हा पलंगाच्या पायथ्याशी. साखऱ्याच्या सहीची यादी भाऊजींनी चष्मा लावून वाचली. माझे बावीस दिवस, थोरलीचे एकोणीस.

"झालं तर," भाऊजी म्हणाले. "आकडा बोलला. ही घरी बसेल." बायकोकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. स्वतःची बायको हरली याचंही त्यांना काही नाही. न्याय झाला म्हणून खूश.

थोरली म्हणाली, "माझे चार दिवस चिमट्याने खाल्ले."

"चिमटा सांभाळायला हवा होता," माझा नवरा म्हणाला. जन्मात कधी नाही तो तेव्हा बोलला.

मी नखांकडे बघत होते. तेवीस आणि बावीस. चिमटा दिला असता तर मी गेले असते, एका दिवसाने.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. सासूबाई भिंतीकडून इकडे वळायचा प्रयत्न करत होत्या. थोरलीने त्यांना धरून वळवलं. त्यांनी डावा हात वर केला, भाऊजींकडे बोट केलं, आणि ओढून ओढून म्हणाल्या, "तुझा... किती?"

"काय किती, आई?"

"ओव्हर... टाइम."

भाऊजी हसले. "आई, आमच्याकडे ओव्हरटाइम नसतो."

सासूबाईंनी बोट माझ्या नवऱ्याकडे नेलं. तो खिडकीकडे बघायला लागला.

"कमी..." सासूबाई थांबल्या. लाळ आली, थोरलीने पुसली. "ज्याचा कमी... तो घरी."

त्या बाईने एवढी वर्षं मला एक धड शब्द दिला नव्हता, आणि चार शब्दांत तिने दोन्ही मुलांना उघडं पाडलं होतं. महिनाभर आम्ही दोघी एकमेकींची नखं उपटत होतो, आणि आमच्यापेक्षा कमी असलेले दोघे समोर पाय पसरून बसले होते. एवढं साधं होतं.

भाऊजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "डॉक्टर म्हणालेच होते, डोक्यावर परिणाम होतो. आई, तू पड."

थोरलीने माझ्याकडे बघितलं. या वेळी तिच्या डोळ्यात भांडण नव्हतं. ती एकटी बोलली असती तर हरलेल्या बाईचा कांगावा झाला असता. बोलायला जिंकलेली हवी होती. सासूबाईही माझ्याचकडे बघत होत्या. 'आई बरोबर बोलतायत' एवढंच म्हणायचं होतं. लाँड्रीत चाळीस बायकांसमोर बटण बंद करणारी मी, दोन पुरुषांसमोर एवढं म्हणू शकत नव्हते का? म्हणू शकत होते. पण म्हटलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून निघणार, यादी, दिवस, चार दिवस कुठे गेले ते. आणि नोकरी माझ्या हातात आलेली होती. गरमागरम, माझी एकटीची.

मी उठले, चहाच्या कपबशा गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात घेऊन गेले. त्या विसळताना नळ जरा जास्तच मोठा सोडला.

सोमवारी मी लाँड्रीत. माझ्या चादरीचं दुसरं टोक धरायला साखऱ्याने एक नवी बाई दिली, तिला घडी जमेना. अडीचला चिमटा मिळाला. साडेसहाला सुटले, सातला घरी.

खाली थोरली पायरीवर बसली होती. हातात काही नाही, दिवा लावलेला नाही.

"आई?" मी विचारलं. चार वर्षांत तिला विचारलेला पहिला शब्द.

"मावशी पाचला सुटायच्या," ती म्हणाली. "मीही पाचला सुटले. पाचपर्यंत सगळं केलं. पुढचं तुझं."

"आणि दोन तास त्या तशाच?"

"तुझा नवरा वर आहे की. त्याला विचार." ती उठली, साडी झटकली. "ओरडायचं तर ओरड. तुझा आवाज मोठा आहे, माहितीय मला. पण कुठे लावायचा आणि कुठे नाही, ते तुला चांगलं कळतं." एवढं बोलून ती तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं.

वर नवरा वर्तमानपत्र वाचत होता. सासूबाईंच्या खोलीचं मधलं दार त्याने ओढून घेतलं होतं. "आलीस? चहा टाक. आणि आईकडे बघ जरा, मघाशी हाका मारत होती."

"मग?"

"मग काय? ते बायकांचं काम असणार, हाकेवरूनच कळतं."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं, बाजूच्या घरात गेलं, रस्त्यावर गेलं. पण ते रविवारी बोलायचं होतं. सोमवारी त्याला काही अर्थ नव्हता, आणि हे त्यालाही कळत होतं. त्याने पान उलटलं.

सासूबाई ओल्या चादरीवर पडल्या होत्या. किती वेळ ते चादरीवरून कळत होतं. एकवीस वर्षं मी हेच ओळखत आलेय, कडेला पिवळी रेघ धरली की दीड-दोन तास. मी कोमट पाणी आणलं, कपाटातून कोरडी चादर काढली. कुणाकडून हिशेब मागणार होते मी या दोन तासांचा? साखऱ्याकडे तरी वही होती.

त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे कोरडे होते. ओठ हलायला लागले, आणि मी हातातलं काम थांबवून वाट बघितली, कारण त्यांना वेळ लागतो.

"तू..." त्या म्हणाल्या. "तू का... नाही बोललीस?"

मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते, एवढ्या वर्षांची सवय आहे आम्हाला. पण त्या खरंच विचारत होत्या. त्यांना उत्तर हवं होतं.

"कूस बदला, आई," मी म्हटलं. "चादर काढायचीय."

त्यांनी डाव्या हाताने पलंगाची कड धरली. मी तो हात हळू ओढून बघितला, मग जोर लावून बघितलं. त्यांनी कड सोडली नाही.